चावी चालू राहिली तर : एका ट्रॅक्टरच्या कॉइलची गोष्ट

अमेरिकेच्या ग्रामीण भागात आजही कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यामागे एक बुटका, करडा ट्रॅक्टर उभा असतो. फोर्डचा ९एन. वय ऐंशीच्या पुढे. गवत कापायला, बर्फ सारायला, लाकडं ओढायला तो अजून कामाला येतो. हा ट्रॅक्टर बाळगणाऱ्यांच्या वाट्याला कधी तरी एक वाईट सकाळ येते. आदल्या संध्याकाळी पेट्रोल संपून इंजिन बंद पडलेलं असतं, माणूस वैतागून उतरून घरी गेलेला असतो आणि चावी चालूच राहिलेली असते. सकाळी बघावं तर बॅटरी मेलेली, आणि इंजिनाच्या पुढच्या टोकाला बसवलेल्या काळ्या चौकोनी डबीतून डांबर ओघळलेलं.

ही डबी म्हणजे इग्निशन कॉइल.

गंमत अशी, की हीच चूक शेजारच्याकडून होते आणि त्याच्या कॉइलला काहीही होत नाही. तसाच ट्रॅक्टर, तशीच चावी, तेवढीच रात्र. एकाची कॉइल वितळते, दुसऱ्याची शाबूत. याला नशीब म्हणून सोडून देता येईल. पण यंत्राच्या बाबतीत नशीब नेमकं कुठे बसलेलं असतं, हे बहुतेक वेळा बोट ठेवून दाखवता येतं. इथेही येतं. त्यासाठी आधी कॉइल काय करते ते बघावं लागेल, आणि मग तिला जाणारी तार सरळ बॅटरीवरून का येत नाही, तेही.

सहाचे वीस हजार

पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते. दाबलेल्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणातून, प्लगच्या दोन टोकांमधली जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची फट ओलांडून वीज उडी मारते तेव्हा ती पडते. या उडीला काही हजार व्होल्ट लागतात. ९एनच्या बॅटरीकडे असतात सहा.

हा सौदा जमवण्याची युक्ती ट्रॅक्टरपेक्षा शंभर वर्षांनी जुनी आहे. १८३१ साली मायकेल फॅरेडेने लंडनमध्ये एका लोखंडी कड्यावर दोन वेगवेगळ्या तारा गुंडाळल्या. एका तारेतून करंट वाहत राहिला तर दुसरीत काहीच होत नव्हतं. पण पहिलीतला करंट सुरू करताना किंवा तोडताना दुसरीत क्षणभर वीज उमटत होती. पाच वर्षांनी आयर्लंडमधल्या मेनूथ इथे निकोलस कॅलन या धर्मगुरूने हेच तत्त्व वापरून, एका तारेचे थोडे आणि दुसरीचे पुष्कळ वेढे घेऊन, जबरदस्त झटका देणारी कॉइल बनवली. १८५०च्या दशकात पॅरिसमध्ये हाइनरिश रूमकॉर्फने तशाच कॉइल बांधून विकायला सुरुवात केली. १८६०मध्ये एत्येन लन्वारचं गॅसवर चालणारं इंजिन आलं, तेव्हा त्यातली ठिणगी रूमकॉर्फच्या कॉइलचीच होती.

ट्रॅक्टरच्या डबीत आहे तेही एवढंच. मधे लोखंडाचा गाभा. त्यावर जाड तारेचे काही शे वेढे आणि केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. सगळं डांबरात बुडवून बंद. जाड तारेतून बॅटरीचा करंट जातो आणि गाभ्यात चुंबकत्व भरतं. मग तो करंट झटक्यात तोडायचा. चुंबकत्व कोसळतं, आणि कोसळताना बारीक तारेत वीस हजार व्होल्टच्या घरात दाब उभा करतं.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. करंट वाहतो तेव्हा ठिणगी पडत नाही. करंट तुटतो तेव्हा पडते.

तोडण्याचं काम पॉइंट करतात. आपल्याकडचे मेस्त्री त्यांना सीबी पॉइंट किंवा नुसतं प्लॅटिनम म्हणत. इंजिनाबरोबर फिरणारा एक कॅम या दोन बटणांची उघडझाप करत राहतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर मिनिटाला चार हजार वेळा. शेजारी कंडेन्सर असतो. पॉइंट उघडताना करंट तिथल्या फटीतून उडी मारायला बघतो. त्याला क्षणभर सामावून घेऊन कंडेन्सर पॉइंट जळू देत नाही, आणि करंट स्वच्छ तुटतो.

आता त्या दोन शेजाऱ्यांचं कोडं सुटतं. चालू इंजिनात पॉइंट सारखे उघडत असतात, त्यामुळे कॉइलला अधूनमधून विसावा मिळतो. इंजिन थांबलं की पॉइंट ज्या स्थितीत असतील त्या स्थितीत राहतात. उघडे राहिले तर करंटची वाटच तुटते, चावी रात्रभर चालू राहिली तरी कॉइल थंड. मिटलेले राहिले तर करंट विसाव्याविना वाहतो, कॉइल तापते, डांबर पातळ होतं. नशीब म्हणतात ते पॉइंटच्या त्या फटीत बसलेलं होतं. ९एनच्या मापाने ती फट एका इंचाच्या पंधरा हजारांशाएवढी.

हँडल मारण्याचे दिवस

कॉइल आणि बॅटरी ही जोडी ट्रॅक्टरवर सहजासहजी आली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतातल्या इंजिनावर राज्य होतं मॅग्नेटोचं. मॅग्नेटो म्हणजे चुंबक आणि कॉइल एकाच खोक्यात. इंजिन फिरलं की तो स्वतःच वीज तयार करतो आणि स्वतःच ठिणगी देतो. बॅटरी नको, चार्जिंग नको. जर्मनीत रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्डने १९०२मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला आणि जग त्याच्यावर अवलंबून राहू लागलं. इतकं, की १९१४मध्ये महायुद्ध पेटलं तेव्हा ब्रिटनच्या ध्यानात आलं: आपल्या लॉऱ्या आणि विमानं ज्या ठिणगीवर चालतात ती ठिणगी शत्रूच्या कारखान्यातून येते. घाईघाईने देशी मॅग्नेटोचा उद्योग उभारावा लागला.

मॅग्नेटोत एक मोठी खोट होती. ठिणगी जोरात हवी तर तो जोरात फिरायला हवा, आणि इंजिन सुरू करताना तर ते माणसाच्या हाताने हळूहळूच फिरतं. म्हणजे ठिणगीची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच ती सगळ्यात दुबळी. त्यावर स्प्रिंगची एक जोडणी निघाली. ती मॅग्नेटोला आधी अडवून धरते आणि मग टक्कन सोडते. तरीही थंडीच्या सकाळी हँडल मारणं हे अंगमेहनतीचं आणि धोक्याचं काम होतं. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देई आणि हँडल मनगटावर येई. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याला विळखा घालायचा नाही, हा धडा बाप मुलाला देत असे. विळखा घातलेला अंगठा झटक्यात मोडायचा.

हेन्री फोर्डने तिसराच मार्ग धरला होता. त्याच्या मॉडेल टी गाडीत आणि १९१७च्या फोर्डसन ट्रॅक्टरमध्ये फ्लायव्हीलवर चुंबक बसवलेले होते आणि प्रत्येक सिलिंडरला लाकडी पेटीतली स्वतंत्र कॉइल होती. या कॉइल चालताना मधमाशांसारख्या गुणगुणत. व्यवस्था चालायची, पण चार कॉइलची चार दुखणी असायची आणि चौघींना एका सुरात आणताना माणूस मेटाकुटीला यायचा.

तोवर ओहायो राज्यातल्या डेटन गावात एक वेगळाच उद्योग होऊन गेला होता. चार्ल्स केटरिंग हा शेतकऱ्याच्या घरात वाढलेला इंजिनिअर. दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटार बसवून त्याने नाव कमावलं होतं. सहकारी एडवर्ड डीड्स याच्या घरामागच्या कोठारात तो आणि त्याचे मित्र रात्री जमत. तिथे त्यांनी एकच कॉइल, एकच पॉइंटची जोडी आणि ठिणगी ज्याच्या त्याच्या प्लगला वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर अशी सुटसुटीत जुळणी बसवली. ती १९१०च्या कॅडिलॅकवर आली. पाठोपाठ १९१२च्या कॅडिलॅकवर केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला आणि हँडलचे दिवस भरले.

त्यांच्या कंपनीचं नाव होतं डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी. आद्याक्षरं जोडून झालं डेल्को. जुन्या जीप आणि ॲम्बॅसेडरवर हात बसलेले आपल्याकडचे मेस्त्री डिस्ट्रिब्युटरला 'डेल्को' म्हणतात, ते इथून आलं. डेटन कुठे आहे हे ठाऊक नसतानाही त्या कोठाराचं नाव आपल्या गॅरेजांत रोज घेतलं जात होतं.

एक वार्‍यावरचा करार आणि एक तार

ऑक्टोबर १९३८. आयर्लंडमधला हॅरी फर्ग्युसन आपला छोटा ट्रॅक्टर घेऊन मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला, हेन्री फोर्डच्या घरी आला. ट्रॅक्टर आणि नांगर तीन सांध्यांनी जोडून हायड्रॉलिकने उचलायचा, ही त्याची कल्पना होती. प्रात्यक्षिक बघून पंचाहत्तरीच्या फोर्डने त्याच्याशी हात मिळवला. लेखी करार झालाच नाही. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात ९एन बाजारात आला. ९ म्हणजे १९३९. किंमत ५८५ डॉलर, आणि त्यात रबरी टायर, बॅटरी, जनरेटर आणि विजेचा स्टार्टर.

या किमतीत बसवण्यासाठी इंजिनात काटकसर दिसते. आजोबा सांगतील तशी साधी, डोकेबाज काटकसर. डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या अगदी पुढे, थेट कॅमशाफ्टच्या टोकाला जोडला. मधे गिअर नाहीत. जोडणीची खाच एका बाजूला सरकवलेली, त्यामुळे तो उलटा बसूच शकत नाही. कॉइल ठेवली त्याच्या डोक्यावर, दोन्हीच्या मधली वायरच गाळून टाकली. कॉइलच्या तळाशी दोन संपर्क: एक पॉइंटला, दुसरा ठिणगी वाटणाऱ्या रोटरला. म्हणून ९एनच्या कॉइलला बाहेरून दिसणारी तार एकच.

याची किंमत दुरुस्ती करणाऱ्याला मोजावी लागली. समोर पंखा, त्यापुढे रेडिएटर, हात घालायला जागा नाही. पॉइंट बदलायचे तर अख्खा डिस्ट्रिब्युटरच बाहेर काढून टेबलावर घ्यायचा, हीच रीत पडली. १९५०च्या सुमारास फोर्डने शेवटी हार मानून डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या बाजूला नेला आणि चौकोनी कॉइलच्या जागी गोल आली.

ती एकुलती तार मात्र बॅटरीपासून सरळ येत नाही. ती चावीवरून येते, आणि वाटेत डॅशबोर्डच्या मागे एका रेझिस्टरमधून जाते. या गोष्टीचा कणा तोच आहे.

रेझिस्टर कशाला?

बॅटरीला सगळ्यात मोठा भार पडतो स्टार्टर मारताना. तेव्हा सहा व्होल्टची बॅटरी चार-साडेचारवर येते. म्हणजे मॅग्नेटोची जुनी खोट वेगळ्या रूपात परत आली: ठिणगीची गरज सर्वांत जास्त, आणि नेमकी तेव्हाच वीज कमी.

मग इंजिनिअरांनी असं केलं. कॉइल बनवतानाच ती सहाहून बऱ्याच कमी व्होल्टवर पोटभर चालेल अशी बनवली. स्टार्टर मारताना दमलेल्या बॅटरीकडूनही तिला पुरेसं मिळतं. पण इंजिन सुरू झाल्यावर जनरेटर सहाच्या वर व्होल्ट द्यायला लागतो, आणि तेवढ्यावर ही कॉइल भाजून निघेल. म्हणून मधे रेझिस्टर. त्याची तार अशी निवडलेली, की थंड असताना विरोध अगदी किरकोळ आणि तापल्यावर कित्येक पट. सकाळी सुरू करताना रेझिस्टर थंड, जवळपास सगळा करंट कॉइलला. थोड्या वेळात तो स्वतःच तापतो आणि कॉइलवरचा दाब उतरवतो. स्विच नाही, सर्किट बोर्ड नाही. स्वतःच्याच उष्णतेने आपलं काम ओळखणारा तारेचा तुकडा.

बॅटरीवरचं हे अवलंबन किती नाजूक होतं ते १९४२मध्ये दिसलं. युद्धामुळे रबर आणि तांबं मिळेना. फोर्डने ट्रॅक्टरला २एन नाव दिलं, आणि त्यातले काही लोखंडी चाकांवर, बॅटरी आणि स्टार्टरविना, मॅग्नेटो लावून विकले. शेतकऱ्याच्या हातात पुन्हा हँडल आलं. टंचाई ओसरल्यावर बॅटरी आणि कॉइल परतली.

बारा व्होल्टची घाई

पन्नाशीच्या मध्यावर अमेरिकन मोटारी सहावरून बारा व्होल्टवर गेल्या. सहाच्या बॅटऱ्या महाग आणि दुर्मीळ होत गेल्या. जुन्या ट्रॅक्टरवाल्यांनीही बारा व्होल्टची बॅटरी आणि अल्टरनेटर बसवायला सुरुवात केली. स्टार्टर जोरात फिरला, दिवे लखलखले. आणि कॉइल पटापट मरू लागल्या.

हिशेब चौथीतल्या मुलालाही जमेल. जाड तारेच्या वेढ्यांचा विरोध दीड ओहम धरा. मधला रेझिस्टर बाजूला ठेवला तर सहा व्होल्टला करंट चार अँपिअर, उष्णता चोवीस वॅट. बारा व्होल्टला करंट आठ अँपिअर, उष्णता शहाण्णव वॅट. व्होल्ट दुप्पट झाले, उष्णता चौपट. पॉइंटही दुप्पट करंट तोडता तोडता जळतात. उपाय दोनच: तीन ओहमची, म्हणजे मुळात बारा व्होल्टसाठी बांधलेली कॉइल लावा, किंवा जुनी ठेवून वाटेत आणखी रेझिस्टन्स घाला. पण डॅशबोर्डमागचा तो तुकडा कशासाठी आहे हे माहीत नसलेला माणूस त्याला अडगळ समजून काढून टाकतो, तार सरळ जोडतो, इंजिन सुरू झालं म्हणून खूश होतो. तासाभराने इंजिन झटके देत बंद पडतं. कॉइल थंड झाली की पुन्हा सुरू होतं. मग तो दोष देतो कार्ब्युरेटरला.

दुसरा गोंधळ अर्थचा. जुन्या फोर्ड ट्रॅक्टरमध्ये बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं असे. बारा व्होल्ट करताना अल्टरनेटरसाठी उणे टोक बॉडीला घ्यावं लागतं. नंतरच्या गोल कॉइलवर अधिक आणि उणे अशी दोन टोकं असतात, आणि त्यांचा नियम सोपा: बॅटरीचं जे टोक बॉडीला, कॉइलचं तेच टोक पॉइंटला. उलटं जोडलं तरी इंजिन चालतं, आणि घोटाळा तिथेच आहे. प्लगचं मधलं टोक जास्त तापलेलं असतं आणि तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. म्हणून ठिणगी मधल्या टोकाकडून बाहेर जायला कमी व्होल्ट लागतात. उलट दिशेला जास्त लागतात. मोकळ्या इंजिनाला फरक कळत नाही. नांगर जमिनीत घुसला की कळतो.

फर्ग्युसन आपल्या दारात

फोर्ड आणि फर्ग्युसन यांचा हस्तांदोलनाचा करार हेन्रीच्या नातवाने मोडला. १९४७मध्ये फोर्डने एकट्याने ८एन काढला आणि १९५२पर्यंत पाच लाखांहून जास्त विकले. फर्ग्युसन कोर्टात गेला. १९५२मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. दरम्यान तो इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत स्वतःचा छोटा करडा ट्रॅक्टर बनवू लागला होता. जानेवारी १९५८मध्ये एडमंड हिलरी दक्षिण ध्रुवावर पोचला तो याच फर्ग्युसन ट्रॅक्टरांवरून.

आपल्या शिवारात मॅसी फर्ग्युसनच्या बॉनेटवर जे नाव दिसतं ते याच माणसाचं. कोणत्याही कंपनीच्या ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक आणि मागचे तीन सांधे ही त्याचीच कल्पना. कॉइल मात्र आपल्या शेतापर्यंत फारशी आली नाही. आपल्याकडे ट्रॅक्टर पसरला तो डिझेलचा, आणि डिझेल दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच पेटतं. त्याला ठिणगी लागत नाही. कॉइल आपल्याला भेटली जीपमध्ये, फियाटमध्ये, बुलेटमध्ये.

मग ऐंशी वर्षांपूर्वीच्या परक्या ट्रॅक्टरची तार आपण का बघायची? कारण तो ट्रॅक्टर वाचता येतो. एक छोटा दिवा आणि दोन वायरी घेऊन शेतकरी चावीपासून पॉइंटपर्यंत टप्प्याटप्प्याने जाऊ शकतो आणि करंट कुठे थांबला ते स्वतः शोधू शकतो. आजच्या मोठ्या ट्रॅक्टरमध्ये तेच उत्तर सॉफ्टवेअरमध्ये कुलूपबंद असतं. २०२३मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याला कायदा करावा लागला, की शेतीयंत्रं बनवणाऱ्यांनी दुरुस्तीची माहिती आणि साधनं शेतकऱ्याला दिलीच पाहिजेत.

पण कायद्याने माहिती मिळेल, समज नाही. डॅशबोर्डमागचा रेझिस्टर कुणी लपवलेला नव्हता. तो उघड्यावर होता, स्वस्त होता, दोन स्क्रूंवर होता. तरी हजारो लोकांनी तो काढून फेकला, कारण तार कुठे जाते हे त्यांना दिसत होतं, का जाते हे कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून कधी असा जुना ट्रॅक्टर, जीप किंवा बुलेट हाताशी आली, तर वायर तोडण्याआधी ती कुठून कुठे जाते याचा एक फोटो काढून ठेवा. मधे जो तुकडा निरुपयोगी वाटेल त्याच्याबद्दल आधी विचारा. आणि उतरताना चावी बंद करा. पॉइंट उघडे राहिलेत की मिटलेले, हे बाहेरून दिसत नाही.